लिफ्ट नसलेले घर विकावे, पण कोणत्या क्रमाने?

कोथरूडमधील एका वाचकांचे पत्र थोडक्यात असे आहे. वय ४६, हिंजवडीतील आयटी कंपनीत नोकरी, हातात येणारा पगार दरमहा १ लाख ६० हजार; पत्नी शिक्षिका, त्यांचा पगार ४५ हजार; मुलगी नववीत आणि सोबत ७४ वर्षांच्या आई. राहता टू बीएचके तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तो २०११-१२ मध्ये मुद्रांक शुल्कासह ४५ लाखांना घेतला, कर्ज फिटले आहे, आणि एजंटच्या म्हणण्याप्रमाणे आज ९६ लाख येतील. ठेवी व म्युच्युअल फंड मिळून २२ लाख. बाणेरला बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात १ कोटी ४५ लाखांचा थ्री बीएचके पसंत पडला आहे, ताबा डिसेंबर २०२८ मध्ये मिळणार असे सांगितले आहे. इकडे सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत. आयटीतील नोकरकपातीमुळे घरांचे भाव पडतील अशी भीती वाटते. तेव्हा आत्ताच विकावे की थांबावे, आणि विकल्यास कर वाचवण्यासाठी बाणेरचे घर लगेच नोंदवावे का, असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात भाव पडण्याची भीती चार ठिकाणी आली आहे आणि आईंना जिना चढवत नाही हे एकदाच, तेही अगदी शेवटी. माझ्या दृष्टीने पत्राची सुरुवात त्या शेवटच्या ओळीपासून व्हायला हवी होती, कारण घर बदलण्याचे खरे कारण तेच आहे आणि ते बाजाराच्या तेजीमंदीवर अवलंबून नाही.

भावांबद्दल आधी बोलतो. जो माणूस एक घर विकून त्याहून महाग घर घेणार आहे, त्याला मंदीची भीती वाटणे स्वाभाविक असले तरी हिशेबाला धरून नाही. समजा पुण्यात सगळीकडे भाव दहा टक्क्यांनी उतरले, तर आपल्या फ्लॅटचे ९ लाख ६० हजार कमी येतील, पण बाणेरचा फ्लॅट साडेचौदा लाखांनी स्वस्त होईल, म्हणजे आपल्याला वर घालावी लागणारी रक्कम जवळपास पाच लाखांनी घटेल. भाव तेवढेच चढले तर तीच रक्कम पाच लाखांनी वाढेल. अर्थात जुन्या कोथरूडचे आणि नव्या बाणेरचे भाव हातात हात घालून चालतीलच असे नाही, तरीही दोन्ही व्यवहार एकाच सुमारास झाले तर बाजार कुठे जातो याने आपले फारसे बिघडत नाही. बिघडते ते दोन व्यवहारांत मोठे अंतर पडले तर: आज घेऊन वर्षाने विकायला गेलात, किंवा आज विकून वर्षभर घर शोधत राहिलात, तर मधल्या काळाची जोखीम पूर्णपणे आपली. म्हणून ‘केव्हा’ यापेक्षा ‘कोणत्या क्रमाने’ हा प्रश्न आपल्यासाठी महत्त्वाचा आहे.

आता कर, कारण घाई त्यामुळेच होते आहे असे दिसते. घर विकले की नफ्यावर मोठा कर लागेल आणि तो वाचवायला दुसरे घर ताबडतोब घ्यावे लागेल, अशी समजूत घेऊन माझ्याकडे येणारे पुष्कळ असतात. २३ जुलै २०२४ पासून घराच्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर निर्देशांकाचा लाभ न देता १२.५ टक्के कर आहे. मात्र त्या तारखेपूर्वी घेतलेले घर निवासी भारतीय व्यक्तीने विकल्यास जुन्या पद्धतीने, म्हणजे महागाई निर्देशांकाने खरेदीची किंमत वाढवून उरलेल्या नफ्यावर २० टक्के, असाही हिशेब करून पाहता येतो आणि दोन्हींपैकी कमी येईल तेवढाच कर भरावा लागतो. आपण घर घेतले त्या वर्षाचा निर्देशांक १८४ होता, २०२५-२६ चा ३७६ आहे. त्या वर्षात विक्री झाली असे धरले तर आपले ४५ लाख हिशेबात सुमारे ९१ लाख ९६ हजार होतात, नफा ४ लाख ४ हजारांच्या आसपास उरतो, आणि उपकरासह कर सुमारे ८४ हजार रुपये येतो. निर्देशांकाशिवाय हाच आकडा ६ लाख ६३ हजार झाला असता. आपल्या मनात बहुधा तोच असावा. दलाली वजा केली की ८४ हजारही थोडे कमी होतील. कलम ५४ ची सवलत, म्हणजे विक्रीआधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घर खरेदी, अथवा तीन वर्षांत बांधकाम, मिळाली तर जरूर घ्यावी. पण चौऱ्याऐंशी हजारांच्या करापायी दीड कोटींचा निर्णय आठवड्यात घेऊ नये.

खरा खर्च दुसरीकडे आहे. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क, स्थानिक कर आणि मेट्रोचा अधिभार मिळून ७ टक्के होतात. बाणेरच्या घरावर ते १० लाख १५ हजार. नोंदणी ३० हजार. बांधकाम चालू असल्याने जीएसटी ५ टक्के, म्हणजे ७ लाख २५ हजार. घराची किंमत अशी १ कोटी ६२ लाख ७० हजारांवर जाते, आणि त्यात देखभालीची आगाऊ रक्कम वा आतली कामे धरलेली नाहीत. शिवाय ७५ लाखांवरच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देऊ शकते आणि मुद्रांक शुल्क व नोंदणी त्या किमतीत धरत नाही. म्हणजे कोथरूडचे घर न विकता बाणेर घ्यायचे म्हटले तर पन्नास लाखांच्या आसपास रोख हवी. आपल्याकडे बावीस आहेत. त्यामुळे आधी विकावे लागणार आणि ताब्यापर्यंत भाड्याने राहावे लागणार. तीस हजार भाडे धरले तरी तीन वर्षांत १० लाख ८० हजार, आणि आईंना दोनदा सामान बांधताना पाहावे लागेल, ते वेगळेच.

बावीस लाखांतले किमान बारा लाख हात न लावता ठेवावेत असे माझे आग्रहाचे मत आहे, कारण नोकरीची काळजी आपण स्वतःच व्यक्त केली आहे. विक्रीचे दलाली व कर वजा जाता सुमारे ९४ लाख आणि बचतीतले दहा लाख धरून बाणेरसाठी साठ लाखांच्या जवळपास कर्ज लागेल. व्याज आठ टक्के आणि आपल्या साठाव्या वर्षापर्यंतची चौदा वर्षे धरल्यास हप्ता सुमारे ५९,५०० रुपये होतो. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणल्याने आज दर याहून थोडा कमी मिळेलही, पण रेपोशी जोडलेला दर उतरतो तसा चढतोही, म्हणून हिशेबात आठच धरावेत. दोन्ही पगार चालू असताना हा हप्ता जड नाही. पण आपला पगार सहा महिने थांबला तर पत्नीच्या ४५ हजारांत तो बसत नाही, आणि घरखर्च, शाळा, भाडे पुढे उभेच. हिंजवडीतल्या नोकरीवर हिंजवडीच्या वाटेवरचे घर घेण्यात आणखी एक गोम आहे: तिथल्या नोकऱ्यांवर संकट आले तर पगार आणि घराचा भाव दोन्हींना एकदमच झळ बसेल.

म्हणून माझा सल्ला असा की बाणेरचा नाद सोडावा आणि कोथरूड, कर्वेनगर, वारजे किंवा बावधन भागात लिफ्ट असलेले, भोगवटा पत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मिळालेले तयार घर १ कोटी २० लाखांच्या आत शोधावे. त्यावर जीएसटी नाही. मुद्रांक शुल्क ८ लाख ४० हजार, नोंदणी आणि एक टक्का दलाली धरून एकूण १ कोटी ३० लाख होतात. कर्ज सुमारे २६ लाख, हप्ता २५,८०० च्या आसपास. हा हप्ता पत्नीच्या एकट्या पगारातून जाऊ शकतो, आणि आपल्या परिस्थितीत मी हीच कसोटी लावीन. या पैशांत तिसरी बेडरूम कदाचित मिळणार नाही किंवा लहान मिळेल, हे मोकळेपणाने सांगतो. घर एकट्या पत्नीच्या नावाने घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का, म्हणजे १ लाख २० हजार वाचतात. पण विकलेले घर आपले आणि नवे त्यांचे, अशा स्थितीत कलम ५४ वरून वाद झालेले आहेत. सवलत नाकारली गेलीच तर निव्वळ फायदा छत्तीस हजारांचा उरतो, आणि तेवढ्यासाठी मालकी कोणाची हे ठरवू नये.

बाणेरबद्दल मन वळत नसेल तर निदान महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदलेली पूर्णत्वाची तारीख पाहावी, कारण कायद्याने बांधणारी तीच असते, माहितीपुस्तिकेतली नव्हे. नोंदणीकृत साठेखताशिवाय, म्हणजे विक्रीच्या कराराशिवाय, दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागण्याचा बिल्डरला अधिकार नाही.

पुनर्विकासाचे काय? शेजारी सांगतात की आता विकणे म्हणजे हातातली लॉटरी सोडणे. कोथरूडमध्ये जुन्या इमारतींच्या जागी टॉवर उभे राहिलेले आपण रोज पाहतो, त्यामुळे हे बोलणे अगदीच निराधार नाही. पण सोसायटीच्या सभेतली चर्चा आणि नोंदणी झालेला विकसन करारनामा यांत बरीच वर्षे जाऊ शकतात. सेक्रेटरींना दोन गोष्टी विचाराव्यात: जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे मालकी, सोसायटीच्या नावे झाले आहे का, आणि ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार किमान ५१ टक्के सभासदांची लेखी संमती घेऊन विकसकाची निवड झाली आहे का. दोन्हींची उत्तरे ‘नाही’ असतील तर ही बाजारातली तुरी आहे आणि आपल्या हिशेबात तिची किंमत शून्य धरावी. भाव सांगताना मात्र तिचा उल्लेख जरूर करावा. तयार घर शोधणाऱ्याला तिचे मोल नसेल, पण गुंतवणूकदाराला असू शकते.

विक्रीची तयारी आजच सुरू करावी. ९६ लाख हा एजंटचा आकडा आहे. आपल्या आणि शेजारच्या इमारतींत गेल्या वर्षभरात झालेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांचे गोषवारे, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येतात, त्यावरून खरा भाव कळेल. तो नव्वद निघाला तर नव्या घराची मर्यादाही त्याच प्रमाणात खाली आणावी. मूळ करारनाम्यांची साखळी, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा पत्र आणि सोसायटीचा ना हरकत दाखला आधीच गोळा करावा, कारण जुन्या इमारतींत खरेदीदाराची बँक अडते ती कागदांवर. सोसायटीला हस्तांतरण शुल्क म्हणून २५ हजारांहून अधिक मागता येत नाही. काही रक्कम रोखीत देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रोख घेतल्यास तेवढाच दंड होऊ शकतो. खरेदीदार किमतीच्या एक टक्का टीडीएस कापील, तो आपल्या पॅनवर जमा झाला का ते तपासावे.

क्रम असा ठेवावा की साठेखतात ताबा देण्यासाठी तीन ते चार महिन्यांची मुदत लिहून घ्यावी आणि खरेदीदाराचे कर्ज मंजूर झाल्याचे पत्र हातात आल्यावरच नव्या घराचा इसार द्यावा. तोपर्यंत घरे पाहावीत, आवडती दोन-तीन निवडून ठेवावीत, पण चेक लिहू नये. चार महिन्यांत मनासारखे घर मिळाले नाही तर भाड्याने राहावे लागेल, मात्र ते लिफ्ट असलेल्या इमारतीत आणि काही महिन्यांपुरते.

माझे मत एकाच परिस्थितीत बदलेल. विकसकाशी नोंदणीकृत करारनामा, बँक हमी आणि बांधकामाच्या काळातले भाडे या तिन्ही गोष्टी कागदावर आल्या आणि लिफ्ट असलेल्या इमारतीत भाड्याने राहायला आई तयार झाल्या, तर विकू नका. तसे झाल्यास करारनाम्याची प्रत पाठवावी, मी हिशेब पुन्हा मांडून देईन.