जैसलमेरच्या रस्त्याकडेचा वेल: तुंबा, मतीरा की काचरी?

डिसेंबरात जैसलमेरहून सम गावाला जाताना वाळूत पसरलेला वेल दिसला, त्याला संत्र्याएवढी हिरवी-पिवळी फळं होती. हे रानकलिंगड का आणि खाता येतं का, असं तुम्ही विचारलंय. वर्णनावरून हा तुंबा, म्हणजे आपलं कडू इंद्रावण. खाऊ नका, चव बघायला जिभेलाही लावू नका.

फळावरून ओळखायला गेलात तर हमखास फसाल, कारण कोवळा मतीरा (तिकडचं कलिंगड) आणि तुंबा दोन्ही गोल आणि हिरव्यावर पट्ट्यांचे. आधी पान बघा. तुंब्याचं पान कलिंगडासारखंच खोल कातरलेलं, पण लहान, राखाडी झाक असलेलं आणि सँडपेपरसारखं खरखरीत. मतीऱ्याचं पान मोठं आणि मऊ. काचरीचं (काकडीच्या कुळातलं तिकडचं रानफळ) जवळजवळ गोल, कातर अगदी उथळ.

मग ऋतू. मतीरा आणि काचरी पावसावर उगवतात आणि हंगाम संपला की वाळतात. तुंब्याचं मूळ जाड आणि खोल, वर्षानुवर्षं टिकणारं, त्यामुळे आजूबाजूचं सगळं करपलं तरी हा हिरवा दिसू शकतो. ताणा (वेलाचा आधाराला गुंडाळणारा तंतू) दुभंगलेला असेल तर काचरी बाद, कारण तिचा ताणा नेहमी एकेरी. उलट मात्र खरं नाही: तुंब्याचाही कधीकधी एकेरी असतो.

तरीही शंका राहिली तर फळ कापा. तुंब्याचा गर पांढरा आणि स्पंजासारखा, बिया गुळगुळीत, जेमतेम ६-७ मिमी. मतीऱ्याच्या बऱ्याच मोठ्या. कापल्यावर हात साबणाने धुवा, तोवर डोळ्यांना लावू नका. फळ लहान, पट्टेरी आणि अंगावर मऊ काटे असतील तर ती खाट-काचरी, तीही कडूच.

शेताच्या बांधावर जास्त जपा. तुंबा आणि कलिंगड यांचा संकर होतो, आणि अशा वेलाचं फळ दिसायला मतीऱ्यासारखं पण कडू निघू शकतं. हा कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या विषारी द्रव्याचा, कडू निघालेल्या दुधीत असतो त्याच गटातला. शिजवून तो जात नाही. पोटात गेला तर उलट्या आणि रक्ताचे जुलाब होऊ शकतात; तसं झालं तर उरलेलं फळ घेऊन थेट डॉक्टरांकडे जा. शेळी खाते म्हणून माणसाला चालतं, हा हिशेब इथे लावू नका.

मुंबईकरांचा आणखी एक घोळ होतो. कोकणात गणपतीच्या माटवीला (मूर्तीवर टांगलेल्या लाकडी चौकटीला) बांधतात ते लालभडक कवंडळ, त्यालाही काही जण इंद्रायण म्हणतात. ते वेगळं: फूल पांढरं, झालरीच्या कडांचं, आणि वेल झाडावर चढणारा. तुंब्याचं फूल पिवळं, वेल जमिनीवर.

खात्रीच करायची तर मुंबईतच सोय आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लॅटर आणि हॅलबर्ग यांनी जोधपूर-जैसलमेरच्या वनस्पतींची नोंद १९१८ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापली, आणि त्याच ब्लॅटरांच्या नावाचं हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) धोबी तलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजात आहे.

पुढच्या वेळी नुसत्या फळाचा फोटो आणू नका. पानाच्या दोन्ही बाजू, ताणा जिथून फुटतो तो पेर, फूल मागून, कापलेलं फळ, आणि १० रुपयांच्या नाण्याशेजारी (ते २७ मिमी असतं) बिया, एवढं दाखवलंत तर जात सांगता येईल.