मेथ ‘शिजवतात’ का?

अंधेरीत परदेशी मालिकांची मराठी सबटायटल्स लिहिणाऱ्या एका मैत्रिणीचा प्रश्न. मालिकेतला एक जण छाती काढून सांगतो, ‘मी मेथ कुक करतो.’ (मेथ म्हणजे एक अमली पदार्थ.) तिनं लिहिलं, ‘मी मेथ शिजवतो.’ तपासणाऱ्यानं विचारलं, ‘डाळ घालून की पीठ पेरून?’ आता ‘कुक’ला काय लिहावं? आणि मेथऐवजी मुंबईतलं ‘एमडी’ चालेल का?

दुसरं आधी उरकतो. नाही चालणार. मुंबईत एमडी म्हणजे मेफेड्रोन, उर्फ म्याव म्याव. हाही अमली पदार्थच. ते २०१५ च्या फेब्रुवारीत एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आलं. मेथ म्हणजे मेथाम्फेटामिन. इफेड्रिनपासून ते १८९३ साली जपानच्या नागाई नागायोशी यांनी बनवलं आणि १९१९ मध्ये अकिरा ओगाता यांनी ते स्फटिकरूपात आणलं. दोन्ही वेगळी. (शिवाय एमडी म्हटलं की आमच्या आईला अजूनही डॉक्टरच आठवतो.)

आता ‘शिजवणे’. मराठीत शिजतं ते पोटात जायचं अन्न, नाहीतर कट. बाकी ज्याला आच लागते त्या प्रत्येकाचं क्रियापद निराळं. दारू गाळतात, कोळसा पाडतात, चुना भाजतात, खैराचा कात काढतात. मिठाला तर आचही नाही, मिठागरांत ते उन्हावर ‘पिकतं’. गुऱ्हाळात रस काहिलीत तासन्‌तास उकळतो, पण त्यापाशी उभा असतो त्याला कोणी आचारी म्हणत नाही, तो गुळव्या. काहील नेमकी कधी उतरवायची हे त्याच्या नजरेला कळतं. ‘कुक’मध्ये जी कसबाची घमेंड आहे तिच्या जवळात जवळचा शब्द हाच. पण मेथवाल्याला गुळव्या म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अमेरिकेत ‘कुक’ हे नुसतं रूपक नव्हतं. सर्दीच्या गोळ्यांतल्या स्यूडोइफेड्रिनपासून लोक खरोखरच घरच्या स्वयंपाकघरात हा उद्योग करत. २००६ मध्ये कायदा करून त्या गोळ्या काउंटरच्या मागे ठेवायला लावल्या. आपल्याकडे ओट्यावरचं चित्र उभंच राहत नाही. २०१६ साली ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या एका औषध कारखान्यातून इफेड्रिन जप्त केलं ते सुमारे साडेअठरा टन. म्हणून आपल्या बातम्यांत ‘कारखाना उद्ध्वस्त’ असतं, आणि ते ‘प्रयोगशाळा’पेक्षा बरं. प्रयोगशाळा म्हटलं की मला शाळेतला बर्नर आणि लिटमसचा कागद दिसतो.

खरी गंमत पुढे आहे. दारूबंदीच्या काळात या शहरात अवैध धंद्याची अख्खी बोली तयार झाली: हातभट्टी, अड्डा, नवटाक. ‘पहिल्या धारेची’ तर आता कवितेलाही म्हणतात. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर आली, तिला मुंबईनं ‘गर्द’ म्हटलं (फारसीत गर्द म्हणजे धूळ) आणि ओढणाऱ्याला ‘गर्दुल्ला’. काय झणझणीत शब्द आहे! हे शब्द झाले, कारण ती माणसं डोळ्यांसमोर होती. हातभट्टीचा वास गल्लीभर सुटायचा, गर्दुल्ला स्टेशनच्या पुलाखाली चांदीचा कागद घेऊन बसलेला दिसायचा. मेथ करणारा शेजाऱ्यालाही दिसत नाही. तो पहिल्यांदा उगवतो तो थेट पंचनाम्यात, आणि पंचनाम्याची मराठी म्हणजे ‘उग्र वासाचा, पांढरट, स्फटिकसदृश पदार्थ’. त्यातून गर्दुल्ल्याच्या तोडीचा शब्द निघायचा नाही. ओढणाऱ्याला नाव मिळालं, करणारा बिननावाचाच राहिला.

मग सबटायटलचं काय? नाम सोड, क्रियापदही साधं ठेव: ‘बनवतो’. घमेंड हवी तिथे आपल्याकडे ‘हातचा’ आहे. आईच्या हातची भाकरी म्हणताना जो ‘हातचा’, तोच. ‘माल माझ्या हातचा आहे.’ एवढ्यात स्वयंपाकघरही आलं, कसबही आलं, आणि मेथीची जुडी आली नाही.

मैत्रिणीनं ते ठेवलंय. तपासणाऱ्याचं अजून काही आलेलं नाही.