फोर बाय फोरचा दांडा आणि उरलेले तीन पावसाळे

प्रश्न अकोले तालुक्यातून आलाय. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला चार खोल्यांचा होमस्टे, थोडी भातशेती, घरात पत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुलं. गाडी 2013 सालची डिझेल फोर बाय फोर, 1,62,000 किलोमीटर झालेली. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी लो (चारही चाकांचा कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर) टाकून चढ घेताना खालून कट-कट आवाज यायला लागला आणि आता जोर लावला की दांडा आपोआप सुटतो. नाशिकच्या गॅरेजने गाडी न खोलताच ट्रान्सफर केस (इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) गेली असं सांगून नव्या असेंब्लीचं 1,18,000 रुपयांचं कोटेशन दिलंय. कुर्ल्याहून जुनी आणून बसवायची तर 45,000 आणि मजुरीचे 12,000, गॅरंटी नाही. राजूरचा मिस्त्री म्हणतो, "पेटी खोलतो, चेन-बेअरिंग-सील बदलून देतो, 38,000." एजंट आहे त्या अवस्थेत गाडीचे 3,10,000 देतोय, फोर बाय फोर चालू असेल तर 4 लाख म्हणतोय. वाचकाच्या मनात मात्र गाडी विकून बारा लाखांच्या कर्जावर नवी घ्यायचं आहे. दुरुस्तीच करायची तर पैसे किसान क्रेडिट कार्डातून काढू का, हेही विचारलंय.

भाऊ, आधी नव्या गाडीचं बघू, कारण ते लवकर संपतं. बारा लाख, साडेनऊ टक्के, सात वर्षं म्हणजे महिन्याला साधारण 19,600 रुपये. वर्षाचे 2,35,000. तुमची होमस्टेची वर्षाची उलाढाल 5,40,000, खर्च जाऊन हातात साडेतीन लाखांच्या आतबाहेर. त्यात 3,20,000 ची उलाढाल जून ते सप्टेंबरमध्ये होते. हप्ता मात्र मार्च-एप्रिलमध्येही येणार, खोल्या रिकाम्या असताना. नव्या गाडीचा वास चांगला असतो, मलाही आवडतो. पण हे जमणार नाही.

आता खरा प्रश्न. 1,18,000 जास्त की कमी, हे नुसत्या आकड्याकडे बघून कळत नाही. तो दांडा वर्षात किती दिवस ओढता, ते मोजा. पत्रात तुम्ही लिहिलंय की डांबरी सोडल्यावर अडीच किलोमीटरचा मातीचा चढ आहे, आणि पावसाळ्यात सामान वर न्यायला किंवा पाहुण्यांची रुतलेली गाडी काढायला "चाळीसेक दिवस तरी" लो लागतोच. गाडी बंद असेल त्या दिवशी शेजारचा ट्रॅक्टर 1,500 रुपये घेतो. म्हणजे एका पावसाळ्याचे 60,000. काहीच न करता गाडी नुसती टूमध्ये, म्हणजे दोनच चाकांच्या जोरावर, चालवायची, तर खर्च तिथेही आहेच, फक्त तो ट्रॅक्टरवाल्याच्या खिशात जातो.

किती पावसाळे धरायचे? तुमच्या आरसीवर नोंदणी ऑगस्ट 2013 ची आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे ऑगस्ट 2028 पर्यंत. पुढे फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी वाढवता येते, पण ती वाढ मी हिशेबात धरत नाही. (दहा वर्षांच्या डिझेल गाड्या बंद, हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज दिल्ली परिसराबद्दलचा आहे. तो विसरा.) उरले 2026, 2027 आणि 2028 चे तीन पावसाळे. नवी असेंब्ली टाकली तर एका पावसाळ्याला 39,000 च्या वर पडते. ट्रॅक्टरपेक्षा तीही स्वस्तच. म्हणून दुरुस्ती करायची, यात मला शंका नाही. कोणती करायची, एवढंच ठरवायचंय.

मी गाडीतला जाणकार नाही. माझा मेव्हणा नगरला मिस्त्री आहे, तुमचं पत्र त्याला फोनवर वाचून दाखवलं. त्याने विचारलं, "टायर कसे आहेत?" तुम्ही ओघात लिहून गेलात की गेल्या वर्षी पुढचे दोन टायर नवे टाकले, मागचे जुनेच ठेवले. शिवाय पावसात राजूरपासूनच फोर हाय (चारही चाकांचा, नेहमीच्या वेगाचा गिअर) टाकून डांबरीवरून येता, "घसरू नये म्हणून". मेव्हण्याच्या मते दुखणं तिथेच आहे. तुमच्या प्रकारच्या गाडीत फोरमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी. चिखलात चाक थोडं घसरून तो फरक भागवतं. डांबरी पकड देते, तिथे तो सगळा ताण पेटीतल्या चेनवर येतो. त्यात पुढचा टायर नवा, मागचा गुळगुळीत, म्हणजे घेर वेगळा. मग सरळ रस्त्यावरही ओढाताण चालूच. चेन सैल पडते, जोर आला की दात सोडते, आणि तुम्हाला कट-कट ऐकू येतं.

हे पैशाच्या सल्ल्यात कशाला, असं वाटेल. पण 1,18,000 ची कोरी पेटी याच टायरांवर आणि याच सवयीने चालवली, तर तीही याच रस्त्याने जाईल. म्हणून मागचे दोन टायर, साधारण 14,000 रुपये, दुरुस्तीच्याच खर्चात धरा आणि पेटीबरोबरच बदला.

माझा कौल राजूरच्या मिस्त्रीला आहे, पण एका अटीवर. आगाऊ पैसे देण्याआधी त्याच्याजवळ बसा आणि पेटीचा खालचा बोल्ट तुमच्यासमोर काढायला लावा. या पेटीचं तेल गिअरबॉक्सच्या तेलापासून वेगळं असतं आणि पुष्कळांकडून ते वर्षानुवर्षं बदललंच जात नाही. तेल तळहातावर घेऊन उन्हात धरा. नुसतं काळं असेल तर ते म्हातारं झालंय. बारीक चकाकी दिसली तर झीज आहे, ती अपेक्षितच आहे. पण नखाएवढा तुकडा हाताला लागला तर गिअरचा दात गेलाय असं समजा, मग 38,000 मध्ये भागणार नाही. पेटी खोलल्यावर केसिंगला चीर आहे का, हेही बघून घ्या. चीर असेल तर तिच्यावर पैसे घालू नका. तेव्हाच कुर्ल्याच्या जुन्या असेंब्लीचा विचार करा, तीही मिस्त्रीला बरोबर नेऊन. ती कुठल्या गाडीतून निघाली आणि तिने किती पावसाळे बघितलेत, ते सांगणारं तिथे कोणी नसतं.

38,000 चं काम 38,000 मध्ये होत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. निदान आणखी 12,000 धरा. टायरांसह 64,000. तीन पावसाळ्यांत वाटले तर दरवर्षी 21,000 च्या आसपास. वरून एजंटच्या तोंडच्या दोन भावांत 90,000 चा फरक आहे. तोंडचा भाव मी पूर्ण धरत नाही, पण निम्मा धरला तरी दुरुस्तीचे बरेचसे पैसे विकताना परत येतात. नव्या असेंब्लीसाठी तुम्ही मोजलेले जादा 68,000 (टायर तिथेही लागणारच) घेणारा कुणी मोजून देणार नाही. तो दांडा ओढून बघणार, पडला की खूश.

नाशिकचं कोटेशन तरी नीट वाचा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पार्ट 82,000 आणि त्यावर जीएसटी 28 टक्के दिसतोय. 22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर 18 टक्के आहे. 8,200 रुपये तिथेच जास्त लावलेत. कोटेशन जुन्या छापील नमुन्यावर काढलं असेल. तुम्ही तिकडे जाणार नसलात तरी हे माहीत असू द्या.

आता पैसे कुठून आणायचे. किसान क्रेडिट कार्डाला हात लावू नका. तुमचं पीककर्ज सोसायटीचं आहे, 31 मार्चच्या आत भरायचं. वेळेत भरलं म्हणून केंद्राची व्याजसवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजना मिळून ते तुम्हाला शून्य टक्क्याने पडतं. आत्ता फेब्रुवारीत त्यातून 64,000 काढलेत तर महिन्याभरात परत कुठून भरणार? तुमचे पाहुणे जूनमध्ये येतात. तारीख हुकली की सवलत गेली, आणि ती फक्त या 64,000 वरची नव्हे. शिवाय ते पैसे पिकासाठी दिलेले असतात.

पतसंस्था एक लाख पंधरा टक्क्यांनी देतेय म्हणता. दोन वर्षांत 16,000 च्या वर व्याज जाईल. नको.

तुमची 2 लाखांची एफडी 6.75 टक्क्यांची आहे. ती मोडू नका, तिच्यावर कर्ज घ्या. बँका एफडीच्या दरावर साधारण एक-दोन टक्के जास्त लावतात. एक टक्का धरला तर 65,000 वर सहा महिन्यांचं व्याज 2,500 च्या आसपास. जुलै-ऑगस्टच्या कमाईतून पहिलं तेच फेडा. तोवर अडीअडचणीला तुमच्याकडे दोन नाही, 1,35,000 च आहेत, हे घरात सांगून ठेवा. मुलांची जूनची फी त्यात बसते ना, एवढं वहिनींना विचारून घ्या. पत्रावरून वाटतं, तो हिशेब त्यांच्याकडे आहे.

विम्याचं विचारलंत. मिळणार नाही. झीज आणि यांत्रिक बिघाड साध्या मोटार पॉलिसीत वगळलेले असतात, झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) घेतलं असलं तरी. पण विम्यावरून दुसरी गोष्ट खटकली. रतनगडच्या पायथ्यापर्यंत पाहुण्यांना सोडायचे माणशी 200 रुपये घेता, आणि गाडीची पाटी पांढरी, म्हणजे खासगी गाडीची, आहे. तिथे अपघात झाला तर विमा कंपनी भाड्याच्या वापराकडे बोट दाखवून क्लेम नाकारू शकते. ट्रान्सफर केसचा खर्च त्यापुढे काहीच नाही. ते 200 रुपये या हंगामापासून बंद करा, किंवा परवाना असलेली गाडी ठरवून द्या.

काजवे बघायला येणाऱ्या पाहुण्यांचे फोन मेच्या मध्यापासून यायला लागतात, आणि तेव्हा राजूरच्या मिस्त्रीकडेही रांग असते. गाडी मार्चच्या पहिल्या आठवड्यात लावा. पुस्तिकेत लिहिलेलंच तेल भरून घ्या, पार्टांचं पक्कं बिल घ्या, आणि काढलेली चेन पोत्यात घालून घरी आणा. नव्या चेनशेजारी ती जमिनीवर सरळ पसरली की किती लांबलीय ते दिसेल. फोटो काढा आणि मला पाठवा, मेव्हण्याला दाखवायचाय.