लॅपटॉपची एसएसडी फुल झालीये, एडिटिंगसाठी जागा कशी करू? जुन्या लग्नांचं फुटेज उडवू का?

फुटेजला आत्ता हात लावू नका, प्लीज. बाकी सगळं बोलू.

तुम्ही लिहिलंय की ५१२ जीबीची एकच एसएसडी (लॅपटॉपच्या आतली डिस्क) आहे, अ‍ॅडोबी प्रीमियर या सॉफ्टवेअरवर लग्नं एडिट करता, सी ड्राइव्ह भरून लाल झालाय, एक्स्पोर्ट शेवटाला येऊन अडकतो आणि पुढच्या आठवड्यात अजून एक लग्न आहे, म्हणून मागच्या सीझनचं जे रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेलं मूळ फुटेज, अजून पडलंय ते उडवायचा विचार चाललाय. मी परळला बसून लग्नाचंच एडिटिंग करतो, बारा वर्षं झाली, आणि हा विचार मीही केला होता म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

आधी हिशोब बघा. ५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४७६ दिसते. त्यात विंडोज, प्रीमियर आणि बाकीची सॉफ्टवेअरं. आता फोरके व्हिडिओ १०० एमबीपीएसला, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटने, शूट केलं तर एका तासाचे ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे, प्रत्येकी चार तास धरा, ३६० जीबी झाले. म्हणजे एकच लग्न तुमच्या लॅपटॉपमध्ये कसंबसं मावतं, दुसरं मावूच शकत नाही, कितीही साफसफाई केली तरी. हे एकदा मान्य केलं की पुढचं सोपं जातं.

जागा करताना मी प्रत्येक फाइलला एकच प्रश्न विचारतो, ही कॉम्प्युटर परत बनवू शकतो का? बनवू शकत असेल तर उडवा, बिनधास्त. नसेल तर दुसरीकडे कॉपी झाल्याशिवाय डिलीटवर बोट पण ठेवू नका.

परत बनणाऱ्यातली सगळ्यात मोठी चीज म्हणजे मीडिया कॅश, प्रीमियरने स्वतःच्या कामासाठी बनवलेल्या कामचलाऊ फाइल्स. प्रीमियर तुमच्या बऱ्याच क्लिपांचा आवाज स्वतःच्या सोयीच्या फॉरमॅटमध्ये काढून ठेवतो, एका तासाच्या स्टिरिओ आवाजाला साधारण १.४ जीबी लागतात, आणि हे सगळं सी ड्राइव्हवर यूजर्सच्या आत अ‍ॅपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये गुपचूप साठत जातं, प्रोजेक्ट डिलीट केला तरी ते तिथंच राहतं. आठ तासांच्या एका लग्नाचे अकरा जीबी इथंच गेले, मग सीझनभराचे किती ते तुम्हीच मोजा. सगळे प्रोजेक्ट बंद करा, प्रेफरन्सेसमध्ये मीडिया कॅशवर जा, तिथं डिलीटचं बटण आहे, सगळी कॅश उडवा. परत प्रोजेक्ट उघडल्यावर आवाजाच्या लाटा काढायला थोडा वेळ लागेल, बाकी काही नुकसान नाही. तिथंच ठरावीक दिवसांपेक्षा जुनी कॅश आपोआप उडवायची सोय पण आहे, ती चालू करून टाका, मी ३० दिवस ठेवलेत.

मग प्रीव्ह्यू. टाइमलाइन रेंडर करतो तेव्हा प्रोजेक्ट फाइलच्या शेजारी व्हिडिओ प्रीव्ह्यूजचा फोल्डर बनतो. डिलिव्हर झालेल्या लग्नांचे हे सगळे फोल्डर उडवा, पुन्हा लागलेच तर रेंडर होतील. आफ्टर इफेक्ट्स वापरत असाल तर त्याची डिस्क कॅश वेगळी असते, ती पर्ज, म्हणजे रिकामी करा. एडिटिंगला दा विंची रिझॉल्व्ह वापरत असाल तर त्याच्या प्लेबॅक मेनूत रेंडर कॅश डिलीट करायचा ऑप्शन आहे. आणि ते 'फायनल', 'फायनल २', 'फायनल पार्टीने सांगितलेलं', त्यातलं जे खरंच दिलं ते ठेवा, बाकीचे एक्स्पोर्ट घालवा, प्रोजेक्ट फाइल आणि रॉ शाबूत आहे तोवर ते परत निघतात.

विंडोजचं पटकन सांगतो. लॅपटॉप हायबरनेट करत नसाल (म्हणजे उघडं काम डिस्कवर जसंच्या तसं ठेवून बंद करत नसाल) तर हायबरनेशन बंद करा, त्याची फाइल रॅमच्या साधारण ४० टक्के असते, १६ जीबी रॅमला सहा-साडेसहा जीबी सुटतात. सेटिंग्जमध्ये स्टोरेज, तिथं टेम्पररी फाइल्स. फक्त त्या यादीत डाउनलोड्सचा पण चौकोन असतो, त्यावर टिक करू नका, पार्टीने पाठवलेली गाणी आणि पत्रिकेचे फोटो आपण तिथंच टाकलेले असतात. रिसायकल बिन रिकामी करायच्या आधी एकदा उघडून बघा. एवढं करूनही जागा कुठं गेली कळत नसेल तर विनडरस्टॅट टाका, फुकट आहे, कुठला फोल्डर किती खातोय ते रंगीत चौकोनांत समोर दिसतं.

आता फुटेजला हात लावू नका असं का म्हणतोय ते.

२०१९ च्या मे महिन्यात डोंबिवलीचं एक लग्न होतं माझ्याकडे. दोन कॅमेरे, एक नवऱ्याच्या बाजूला, एक नवरीच्या बाजूला, मध्ये अंतरपाट. तुमच्यासारखाच सी ड्राइव्ह लाल, रात्रीचे दोन वाजलेले, आणि मला 'नवीन फोल्डर २' दिसला. वाटलं कार्ड दोनदा कॉपी झालंय. शिफ्ट डिलीट मारलं. ते नवरीच्या बाजूचं कार्ड होतं आणि ओरिजिनल कार्ड तोवर फॉरमॅट होऊन दुसऱ्या लग्नाला गेलेलं. सकाळी टाइमलाइन उघडली तर अख्ख्या मंगलाष्टकांत नवरीचा चेहरा नाही. नवरा आहे, भटजी आहेत, अंतरपाट आहे, अंतरपाटाच्या वर मुंडावळ्यांचं एक टोक दिसतंय, बस्स. रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवली दोन-तीन, काही मिळालं नाही. तेव्हा कळलं की एसएसडीवर फाइल डिलीट झाली की विंडोज ट्रिमने डिस्कला सांगून टाकतं की ही जागा मोकळी, आणि डिस्क ती आतून पुसून टाकते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर निदान आशा असायची.

मी त्यांच्या घरी जाऊन मुलीच्या वडिलांना समोर बसून सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले चहा घ्या. मग त्यांनीच नातेवाइकांना फोन लावले, मोबाइलवर कोणी काय काय शूट केलंय ते मागवलं. नवरीच्या मामेभावाकडे उभ्या मोबाइलवरची साडेतीन मिनिटांची एक क्लिप निघाली, हलती, त्यात ती डोळे मिटून उभी आहे आणि मागून मामा खांद्यावर हात ठेवून आहेत. त्या साडेतीन मिनिटांवर मी सगळी मंगलाष्टकं जोडली. आजही ते लग्न आठवलं की पोटात गोळा येतो.

म्हणून सांगतो, पहिला खर्च बाहेरच्या डिस्कचा करा, नवीन लेन्स नंतर. एक बाहेरची एसएसडी, १ टीबीची, तिच्यावर चालू लग्न आणि मीडिया कॅश दोन्ही ठेवा, कॅशची जागा बदलायची सोय त्याच प्रेफरन्सेसमध्ये आहे. आणि दोन साध्या हार्ड डिस्क, जुन्या लग्नांसाठी, दोन्हींवर तेच ते. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलात तर ओळखीच्या दुकानातून बिलासकट घ्या, फुटपाथवर किंवा ऑनलाइन कवडीमोलाने २ टीबी म्हणून जे मिळतं ते बरेचदा आतून ३२-६४ जीबीचं निघतं, कॉपी झाल्यासारखं दाखवतं आणि फाइल उघडत नाही. नवी डिस्क आणली की पूर्ण भरून तपासायची, त्यासाठी एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, रात्रभर लावून झोपा. साधी हार्ड डिस्क चालू असताना हलवायची नाही, आणि लोकलमधून नेताना बॅग पुढे छातीशी, रॅकवर नाही.

दोन्ही डिस्क एकाच घरात पण ठेवू नका. माझी खोली हिंदमाताच्या जवळ तळमजल्याला आहे, तिथं दर पावसाळ्यात पाणी भरतं, आणि २६ जुलै २००५ आम्ही बघितलेलं आहे, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. माझी दुसरी डिस्क बहिणीकडे बोरिवलीला चौथ्या मजल्यावर असते, महिन्यातून एकदा जातो, नवीन लग्नं टाकतो, जेवून येतो.

जुनं फुटेज कधीतरी उडवावंच लागतं, ते मान्य. पण ते पार्टीला आधी सांगून. मी कोटेशनमध्येच लिहितो की डिलिव्हरीनंतर सहा महिने रॉ ठेवीन, आणि मुदत संपायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅप करतो की डिस्क घेऊन या, कॉपी करून देतो. बरेच जण येतात.

पुढच्या आठवड्यासाठी एवढंच करा. आज कॅश आणि प्रीव्ह्यू उडवा, उद्या डिस्क आणा, मागचा सीझन दोन्हीकडे कॉपी करा, कॉपी झाल्यावर फोल्डरची साइझ आणि फाइल्सचा आकडा जुळवा, चार-पाच क्लिप मधूनच चालवून बघा, मगच लॅपटॉपवरून काढा. आणि कार्ड रिकामं करताना फोल्डरला लगेच नाव द्या, तारीख, आडनाव, कुठल्या बाजूचा कॅमेरा. माझ्याकडे आता 'नवरी बाजू' आणि 'नवरा बाजू' असंच लिहिलेलं असतं.