हरभऱ्याची मर आणि ट्रायकोडर्माचं विरजण

भाऊ, फुलोऱ्यात हरभरा वाळायला लागल्यावर तुम्ही ट्रायकोडर्माची, म्हणजे रोगाच्या बुरशीला खाणाऱ्या मित्रबुरशीची, आळवणी केली, पंधरा दिवसांत फरक दिसला नाही, आणि आता विचारताय की ही फसवणूक आहे का. फसवणूक नाही, वेळ चुकली.

मरीची बुरशी, फ्युजेरियम, मुळातून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्याच बंद करते. वाळकं झाड उपटून खोड उभं चिरा. आत काळपट रेघ दिसेल. तिथवर ट्रायकोडर्मा पोचत नाही. त्याचं काम मातीत, मुळाभोवती. तिथे तो रोगाच्या बुरशीला वेटोळे घालतो, तिचे धागे विरघळवून खातो आणि तिच्याआधी जागा धरतो. म्हणून तो पेरणीआधी जमिनीत हवा.

मी त्याला विरजण समजतो. पेरणीच्या पंधरवडाभर आधी 100 किलो पूर्ण कुजलेलं शेणखत सावलीत घ्या, दोन-अडीच किलो ट्रायकोडर्मा मिसळा, मूठ वळेल एवढीच ओल ठेवा आणि वर ओलं गोणपाट टाका. तीन-चार दिवसांनी खालीवर करा. खतावर पांढरी, मग हिरवट बुरशी धरली की विरजण लागलं. मग संध्याकाळी एकरभर फेकून लगेच पाळी घाला. कच्चं शेणखत मात्र अजिबात नको. ते तापतं, आणि अर्धवट कुजलेल्या काडीकचऱ्यावर मूळकुज पोसते.

माझं एक वर्ष वाया गेलं, कारण पाकिटं उन्हाळाभर पत्र्याच्या खोलीत होती. ढिगावर काहीच धरलं नाही आणि तरी मी ते खत शेतात टाकलं. तेव्हापासून पाकिटावरची तारीख बघतो, आणि ढीग हिरवा झाल्याशिवाय शेतात नेत नाही.

बियाण्याला किलोमागे 5 ग्रॅम चोळा, सावलीत सुकवा, मग रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी धरून नत्र देणारे जिवाणू, लावून पेरा. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावलेलं रंगीत बियाणं असेल तर त्यावर ट्रायकोडर्मा मरतो.

एकट्या ट्रायकोडर्मावर मात्र विसंबू नका. मरीची बुरशी पीक नसतानाही जमिनीत वर्षानुवर्षं तग धरते. म्हणून दिग्विजय, जाकी 9218 असा मर सोसणारा वाण घ्या. यंदा वाळलेली झाडं मुळासकट उपटून वावराबाहेर जाळा, आणि त्या तुकड्यात पुढची दोन-तीन वर्षं रब्बीला ज्वारी किंवा गहू घ्या.