कवटीला भोक पाडलेला माणूस जगला, हे कशावरून?

प्रश्न : आमच्या शिवारात जुन्या काळची शिळावर्तुळे, म्हणजे दफनाच्या जागेभोवती मांडलेली दगडांची कडी, आहेत. ती दाखवताना गुरुजींनी मुलांना सांगितले, की प्राचीन काळी जिवंत माणसाच्या कवटीला भोक पाडत आणि तो बराही होत असे. हाड तर काही बोलत नाही. मग तो जगला, हे कळते कसे?
– एक शेतकरी, जिल्हा नागपूर

उत्तर : हाड बोलते, त्यासाठी भोकाची कड निरखावी लागते. बाभळीची फांदी छाटली, की जिवंत झाडावर घावाभोवती सालीची गोल वळी धरते आणि वाळलेल्या खोडावरचा घाव मात्र तसाच राहतो, हे आपण बांधावर पाहिलेच असेल. कवटीचेही तसेच आहे. तिच्या दोन टणक थरांच्या मध्ये जाळीदार हाड असते. रोगी लगेच दगावला, तर कापलेल्या कडेवर ती जाळी उघडी दिसते. तो पुढे दीर्घकाळ जगला, तर नवे हाड येऊन जाळी बुजते आणि कड गुळगुळीत होते.

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशातील कुझको येथून अमेरिकी पुरातत्त्वज्ञ एफ्रेम स्क्वायर यांनी मिळवलेल्या कवटीत एकमेकांना छेदणाऱ्या चार चिरांमधून हाडाचा चौकोनी तुकडा काढलेला होता. भोकाभोवतीच्या हाडावर दाहाच्या, म्हणजे जिवंत शरीरातच येणाऱ्या सुजेच्या, खुणा पाहून फ्रेंच शल्यवैद्य पॉल ब्रोका यांनी १८६७ मध्ये सांगितले, की हे काम जिवंत माणसावर झाले आहे. फ्रान्समधील एन्सिसहाइम येथील सुमारे ७००० वर्षांपूर्वीच्या कवटीत तर दोन भोके आहेत आणि त्यांतले एक पूर्ण भरून आलेले आहे. आपल्याकडे काश्मीरमधील बुर्झहोम येथेही ४००० वर्षांहून जुनी अशी कवटी मिळाली आहे.

पेरूतील अनेक कवट्यांवर भोकालगत गोफणीच्या दगडाने किंवा गदेने झालेले अस्थिभंग दिसतात. म्हणजे रुतलेले तुकडे काढणे हा तेथे एक मोठा हेतू असावा. पोळ्याआधी बैलाचे शिंग तासतात, तसे हाड थराथराने खरवडत नेले, की मेंदूवरील आवरणाला धक्का न लावता थांबता येते, आणि खरे कसब त्या थांबण्यातच होते. पेरूतील इंका साम्राज्याच्या काळातील (सुमारे पंधरावे-सोळावे शतक) अशा रोग्यांपैकी सुमारे ७५ ते ८३ टक्के दीर्घकाळ जगल्याचे कवट्यांवरून दिसते. अमेरिकेतील १८६१-६५ च्या यादवी युद्धात मात्र कवटीवर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी जवळपास निम्मे दगावले.

आपल्या शिळावर्तुळाजवळ नांगरताना कधी हाडे उघडी पडली, तर ती धुऊ किंवा घासू नयेत; जागेवरच झाकून पुरातत्त्व विभागाला कळवावे, कारण सगळी साक्ष त्या कडेवरच असते.