डाव्या हाताचं अक्षर

"मुलगा सहावीत आहे. शाळेत सोलापूरच्या मार्शल लॉवर प्रकल्प होता. त्याच्यानं होईना, म्हणून मीच केला. तो झोपल्यावर डाव्या हातानं लिहिला, म्हणजे त्याच्या अक्षरासारखा दिसावा. पहिला नंबर आला! आता सगळ्या शाळेसमोर पाच मिनिटं बोलायचंय, तर हा अडून बसलाय. भाषण मीच लिहून पाठ करून घेऊ का?" – एक आई, सोलापूर

बाई गं, भाषणाचं राहू दे. आधी त्या डाव्या हाताचं बोलू.

किती सहज लिहून गेलीस! मदत कुठे संपते आणि लबाडी कुठे सुरू होते, यावर पालकसभेत तासन्‌तास खल चालतो. तुला ते त्या रात्रीच कळलं होतं. थर्माकोल कापून दिला असतास, मे १९३० मध्ये इंग्रजांनी इथं लष्कर आणून मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, का लावला ते समजावलं असतंस, तर हात बदलायची वेळ आली नसती. पेन डाव्या हातात घेतलंस, वेलांट्या मुद्दाम वाकड्या काढल्यास, तिथेच झालं. दुकानातून तयार प्रकल्प आणणारी आई परवडली. ती निदान पोराचं अक्षर तरी चोरत नाही.

आणि 'अडून बसलाय' काय म्हणतेस? मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. सोलापूरच्या त्याच लढ्यातल्या या चौघांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. हे सगळं त्या वहीत असेलच, पण त्यातला एक शब्द तरी त्यानं लिहिलाय का? आपली नसलेली वही हातात धरून टाळ्या घ्यायच्या म्हणजे जीभ टाळ्याला चिकटणारच. मला तर पोराचं कौतुक वाटतं. तुझं नाही वाटत.

भाषणाची एक ओळसुद्धा लिहायची नाहीस. उद्या त्याला घेऊन वर्गशिक्षिकेकडे जा आणि तूच सांग, "बाई, वही माझी आहे, अक्षरही माझंच." त्याला बोलायला लावू नकोस. नंबर जाईल, शाळेच्या फाटकाशी दोन बायका कुजबुजतील. कुजबुजू देत.

संध्याकाळी त्याला चार हुतात्मा चौकात ने. वही-पेन त्याच्याकडे दे आणि तू लांब उभी राहा. पुतळ्यांकडे बघून पाच-सहा ओळी खरडेल, 'हुतात्मा' हमखास चुकवेल. तिथून ओरडून दुरुस्त करायला जाऊ नकोस.